पाणी काढा, रेघ घासा: कूलरवरच्या एका स्टिकरचं प्रकरण

डेंग्यूपासून सावध करणारा तीन बाय चार फुटांचा फ्लेक्स जुलैमध्ये ले-आउटच्या कोपऱ्यावरच्या खांबाला बांधला गेला. ऑक्टोबरमध्ये तो सापडला एका बंद कूलरच्या डोक्यावर. पावसापासून कूलर झाकायला कुणीतरी सोडून नेला होता. मधोमध झोळ पडलेला, झोळात परतीच्या पावसाचं पाणी, पाण्यात अळ्या, आणि अळ्यांखाली फ्लेक्सवर छापलेला हातभर लांब डास.

प्रकरण नमुन्याचं आहे, पण असा ले-आउट नागपुरात रिंग रोडच्या आतबाहेर कुठंही सापडेल: १४० घरं, २० फुटी गल्ल्या, आणि बहुतेक घरांच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर बसवलेला पत्र्याचा कूलर. रहिवाशांच्या मंडळापुढचा प्रश्न साधा होता. पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशात काय छापायचं, कुठं लावायचं आणि केव्हा? पहिली सूचना आली ती आणखी मोठा फ्लेक्स आणि आणखी भयानक डास, अशी.

डास कुठं असतो

चित्र काढण्याआधी डासाची सवय नीट माहीत हवी, कारण जुना फ्लेक्स तिथंच फसला होता. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती नालीच्या घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्याला घरातलं, भरून ठेवलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागतं: टाकी, ड्रम, कुंडीखालची ताटली, कूलर. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवून. अंडं शाईच्या टिंबाएवढं, काळं. ते कोरडं पडलं तरी काही महिने जिवंत राहतं आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की फुटतं. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात.

कूलर या सगळ्यासाठी मुद्दाम बनवल्यासारखा आहे. दिवसभर पाणी उडून पातळी खाली जाते आणि टाकीच्या भिंतीवर ओला पट्टा उरतो. संध्याकाळी पाणी भरलं की पट्टा बुडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं अर्धंच काम. अंडी भिंतीवर तशीच राहतात आणि पुढच्या भरण्याची वाट पाहतात. भिंत घासावी लागते. लोकांना पटवायची गोष्ट एवढीच आहे, आणि जुन्या फ्लेक्सवर नेमकी तीच नव्हती.

जुन्या फ्लेक्सनं काय सांगितलं

वरच्या पट्टीत सात चेहरे. माणसाची नजर चित्रात चेहरा दिसला की आधी तिकडे जाते, त्यामुळे फ्लेक्सचा पहिला क्षण तिथंच खर्च झाला. त्याखाली लाल पार्श्वभूमीवर डास, बाजूला सलाइन लावलेला रुग्ण, कोपऱ्यात तुंबलेल्या नालीचा फोटो, आणि तळाशी अकरा सूचना.

नालीच्या फोटोनं सर्वांत जास्त नुकसान केलं. मजकुरात शब्द होता ‘साचलेले पाणी’. नागपुरात कुणालाही विचारा, साचलेलं पाणी म्हणजे नाली, डबकं, रस्त्यावरचा खड्डा. कूलरचं पाणी आपण स्वतः नळानं भरतो, ते कुणाच्या लेखी साचलेलं नसतं. “आमच्या कूलरचं पाणी कुठं साचलेलं आहे भाऊ, रोज तं भरून राहिलो आम्ही,” हे उत्तर फ्लेक्स वाचूनच दिलेलं आहे आणि त्यात चूक काही नाही. शब्द आणि फोटो दोघांनी मिळून बोट दाखवलं ते महापालिकेच्या नालीकडे. वाचणाऱ्यानं मान डोलावली आणि काम नालीवाल्यांवर सोडलं.

हातभर डासाची गोष्टही तशीच. आरोग्यशिक्षणाच्या वर्गात हा दोष जुना म्हणून शिकवतात: डास इतका मोठा दाखवला की बघणारा म्हणतो, असे डास आपल्याकडे नाहीत. शिवाय भीतीचा एक हिशेब आहे. १९६५ साली येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लशीवर प्रयोग झाला. भीतिदायक पत्रकानं विद्यार्थ्यांची मतं बदलली, पण लस घ्यायला जास्त गेले ते ज्यांना दवाखान्याचा नकाशा आणि कधी जायचं याचा नेमका आराखडा दिला होता ते. भीती दाखवून हाताला काम दिलं नाही, तर माणूस चित्रावरून नजर काढून घेतो. सलाइनचा रुग्ण बघून कूलर कुणी घासत नाही.

अक्षरांचं गणित तर सरळच होतं. फलकांचा ढोबळ नियम आहे की तीन मीटर अंतराला साधारण २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, वेलांट्या आणि उकार सोडून. गल्लीच्या पलीकडून, म्हणजे सहा मीटरवरून वाचायचं तर पाच सेंटिमीटर. अकरा सूचनांची अक्षरं एक सेंटिमीटरची होती. म्हणजे सव्वा मीटरवर जाऊन, खांबाजवळच्या नालीत पाय सांभाळत उभं राहिलं तर वाचता यावीत अशी. पाच सेंटिमीटरची अक्षरं घेतली की तीन फूट रुंदीत एका ओळीला चार शब्द बसतात. हे एकदा फुटपट्टीनं दाखवलं की अकरा सूचनांचा आग्रह आपोआप गळतो.

महिना चुकला की चित्र फुकट

राष्ट्रीय डेंग्यू दिन १६ मेला असतो आणि बरेच फलक त्या निमित्तानं लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच सुमारास पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, तोंडावर आलेला असतो आणि कूलर रात्रंदिवस चालू असतो. अशा दिवसांत ‘कूलर रिकामा ठेवा’ म्हणणारं चित्र कितीही सुंदर असो, ते ऐकण्यासारखं नाही. ते वाचून माणूस एवढंच ठरवतो की हे लिहिणाऱ्याला नागपूर माहीत नाही, आणि पुढच्या सूचनांवरचाही विश्वास कमी करतो.

खरा धोक्याचा काळ जूनच्या मध्यावर सुरू होतो. पाऊस लागतो, हवेत दमटपणा येतो, कूलर लावून उपयोग होत नाही, म्हणून तो बंद होतो. पण पाणी टाकीतच राहतं. हा आळस म्हणता येणार नाही. आठ दिवस पाऊस दडी मारतो, पुन्हा ऊन तापतं, कूलर पुन्हा लागतो; प्रत्येकानं हे अनुभवलेलं आहे. त्यामुळे ‘आता काढूनच टाका’ या सांगण्याला घरोघरी एकच उत्तर असतं: “परत लागला तं?” चित्राला या उत्तराशी बोलावं लागतं.

म्हणून एका संदेशाचे दोन झाले. एप्रिल-मेमध्ये: चालू कूलर, दर रविवारी घासा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात: बंद केला त्याच दिवशी पाणी काढा, घासा, वाळवा, लागला तर परत भरा. ‘आठवड्यातून एकदा’ असं लिहिलं तर तो दिवस कधीच येत नाही. सात चौकोनांतला एक रंगवून दाखवायचा प्रयत्न झाला, तो बऱ्याच जणांना गोळ्यांच्या पाकिटासारखा वाटला. ‘दर रविवारी’ हे सहा अक्षरांत संपतं, आणि सात दिवसांचं अंतर डासाच्या वाढीच्या आत बसतं.

रेघ

अडचणीचा प्रश्न हा होता: जे दिसतच नाही ते चित्रात कसं दाखवायचं? अंडी डोळ्याला दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. भिंगातून मोठी करून दाखवली तर पुन्हा हातभर डासाचीच चूक. पहिल्या कच्च्या चित्रात टाकी मधून कापून दाखवली होती, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात असते तशी. ज्यांनी तसं आरेखन कधी पाहिलं नाही त्यांना ती फुटलेली टाकी वाटली. “टाकी लिक आहे, एम-सील लावा,” असा सल्लाही मिळाला.

उत्तर कूलरमध्येच होतं. बोअरच्या जड पाण्यानं टाकीच्या भिंतीवर क्षाराची पांढरी रेघ बसते. ती प्रत्येकानं पाहिलेली आहे, आणि अंडी चिकटतात ती त्याच पट्ट्यात. म्हणजे अदृश्य गोष्टीला एक दिसणारी खूण आयती मिळाली. चित्रात टाकी वरून, पाणी भरायच्या दारातून दिसते तशी काढली: आत काळोखी भिंत, त्यावर जाड पांढरी रेघ, रेघेवर ब्रश धरलेला हात. घोषणा त्यातूनच आली: ‘पाणी काढा, रेघ घासा.’ याचा दुसरा फायदा असा की काम झालं की नाही हे करणाऱ्याला स्वतःला कळतं. जुना क्षार पूर्ण निघत नाही, हे खरं आहे. पण रेघ फिकी होईपर्यंत घासणाऱ्याचा ब्रश भिंतीवरून पुरेसा फिरलेला असतो.

डासाऐवजी अळी घेतली, आणि तीही खऱ्या मापाची. वाढलेली अळी तांदळाच्या दाण्याएवढी असते. स्टिकरच्या कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा आणि शेजारी तेवढीच अळी काढली. ‘पाण्यातले किडे’ म्हणून जे सगळ्यांनी पाहिलेलं असतं त्यांचा डासाशी संबंध अनेकांना ठाऊक नसतो. तो जोडण्यासाठी एवढं पुरतं.

कागद झाकून विचारलं तेव्हा

चाचणीची रीत स्वस्त आहे आणि तरीही ती सहसा होत नाही. मजकूर कागदानं झाकायचा, चित्र पाच सेकंद दाखवायचं, मग विचारायचं: काय दिसलं? काय करायला सांगताहेत? आठ-दहा जण पुरतात, पण त्यांत वाचता न येणारे दोघे-तिघे, एक भाडेकरू आणि कूलर दुरुस्त करणारा एक मिस्त्री हवाच. ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद. त्याला सगळे हो म्हणतात.

या चाचणीत जे निघालं ते टेबलावर बसून सुचलं नसतं. भरलेल्या टाकीवर मारलेली लाल फुली दोघांना दवाखान्याची खूण वाटली. फुली काढून टाकली आणि करायची तीच कृती दाखवली. चार चित्रं दोन-दोनच्या ओळीत होती, काहींनी ती उभी वाचली आणि घासल्यावर पाणी काढलं. म्हणून एकाखाली एक अशी उभी पट्टी केली, आकडे ठळक. चित्रातला कूलर इंटरनेटवरून घेतलेला, चाकांचा प्लॅस्टिकचा होता. “हे तं शोरूमवालं आहे,” म्हणून लोकांनी ते आपलं मानलंच नाही. मग गल्लीतल्याच एका पत्र्याच्या कूलरचा फोटो घेऊन त्यावरून रेषाचित्र गिरवलं. फोटो सरळ छापला नाही, कारण फोटोत गंज, वायर, मागची भिंत सगळं येतं आणि बघणारा आधी घर कुणाचं ते ओळखतो.

हातात बांगड्या होत्या, त्या काढल्या. बांगड्या ठेवल्या की काम कुणाचं हे चित्रच ठरवून टाकतं, आणि घरातले बाकीचे सुटतात.

सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती मिस्त्रीनं केली. त्यानं चित्र पाहून एवढंच विचारलं की प्लग कुठं आहे? पत्र्याची टाकी, पाणी, पंपाची जुनी वायर, आणि आपण लोकांना त्यात हात घाला म्हणतोय. कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. त्यामुळे पहिलं चित्र बदललं: भिंतीवरच्या सॉकेटमधून काढलेला प्लग. नुसतं बटण बंद केलेलं दाखवून भागत नाही; प्लग पूर्ण सुटून लोंबकळताना दिसला पाहिजे. दुसरी त्याची सूचना बॉलकॉकची. ज्या कूलरला नळीनं पाणी जोडलेलं असतं तो रिकामा करताच आपोआप भरतो, तेव्हा आधी तोटी बंद. ही मात्र चित्रात घेतली नाही. सगळ्यांकडे बॉलकॉक नसतो आणि पाचव्या चित्रानं पट्टी गर्दीची होते. ती स्टिकर लावायला जाणाऱ्यांनी तोंडी सांगायचं ठरलं.

शेवटची पट्टी अशी झाली: १. प्लग काढा. २. बूच उघडून पाणी कोरड्या मातीवर सोडा. ३. रेघ घासा. ४. उन्हात वाळवा. तळाचं बूच अनेकदा गंजून बसलेलं असतं, म्हणून दुसऱ्या चित्रात बुचाशेजारी मगही काढला. नाहीतर बूच न उघडणारा माणूस दुसऱ्याच पायरीवर थांबतो.

छपाईतली विघ्नं

फ्लेक्स रद्द झाला आणि स्टिकर आला तो जागेमुळे. कोपऱ्यावरचा फलक बघितला जातो भाजी आणताना. कूलर आठवायला हवा पाणी भरताना. दार उघडून पाईप आत सोडणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर जे असेल तेच उपयोगी. म्हणून माप १० बाय १५ सेंटिमीटर, आणि जागा पाणी भरायच्या दाराच्या वर. वाचायचं अंतर हातभर, तेव्हा घोषणेचं अक्षर १२ मिलिमीटर असलं तरी भरपूर. बाहेरच्या रेषा एक मिलिमीटर जाड, आतल्या ०.४, त्याहून बारीक रेघ विनाइलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या स्टिकरवर, तुटते.

१३ बाय १९ इंचांच्या शीटवर असे नऊ स्टिकर बसतात. १४० घरांना, खराब होणारे धरून, १८ शीटमध्ये १६२. कागदी स्टिकर पहिल्या आठवड्यातच ओलीनं फुगतो, म्हणून विनाइल आणि वरून लॅमिनेशन. हाफ कट मागायचा, म्हणजे मागचा कागद न कापता फक्त वरचा थर कापला जातो आणि घरोघरी सोलायला सोपं पडतं. गंजलेल्या किंवा पोपडे आलेल्या पत्र्यावर काहीच टिकत नाही. तिथं कोरड्या फडक्यानं पुसून दाराच्या कडेची, रंग शाबूत असलेली जागा शोधावी लागते. चालू कूलरच्या ताट्यांजवळ (ओल्या गवताच्या जाळ्यांजवळ) लावायचा नाही, तिथं पत्रा सतत ओला.

रंग तीनच: काळा, पांढरा, आणि ब्रश धरलेल्या हातापुरता केशरी. सगळं लाल केलं की नजर कुठंच थांबत नाही. आणि नागपूरच्या उन्हात लाल-पिवळ्या छटा आधी उडतात, काळा टिकतो. म्हणून घोषणा काळ्यात. केशरी उडाला तरी अर्थ उरला पाहिजे.

अक्षरजुळणीत नेहमीचा घोळ झाला. मजकूर युनिकोडमध्ये पाठवला, दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरनं ‘डेंग्यू’चा ‘ग्’ आणि ‘यू’ वेगळे करून टाकले. अशा वेळी अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्यावी, आणि छापण्याआधी एक शीट डोळ्यांनी वाचावी. मोबाईलवर आलेला फोटो वाचून होकार देऊ नये. फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत का हेही बघण्यासारखं आहे. अर्थाला धक्का लागत नाही, पण हिंदी वळणाचा ल दिसला की पाटी बाहेरून आल्यासारखी वाटते. हिंदी बोलणाऱ्या घरांसाठी वेगळी प्रत केली, ‘पानी निकालो, लकीर घिसो’. एकाच स्टिकरवर दोन्ही भाषा कोंबल्या असत्या तर दोन्हींची अक्षरं निम्मी झाली असती.

दोन मोहक कल्पना, ज्या घेतल्या नाहीत

पहिली तरुणांची: ज्या कूलरमध्ये अळ्या सापडल्या त्यांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे. भांडणं होतील हे एक. पण दुसरं कारण जास्त वजनदार आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं उद्यान आहे, तिथले दगड झालेल्या लाकडाचे तुकडे पर्यटक उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथं दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेले’ म्हणणाऱ्या पाटीजवळून ७.९२ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ या साध्या पाटीजवळून १.६७ टक्के. वीस घाणेरड्या कूलरचे फोटो एकामागून एक पाहिले की मनात बसतं ते हेच, की सगळ्यांचंच असं आहे. ग्रुपवर टाकायचेच तर घासलेल्या, उन्हात दार उघडं टाकलेल्या कूलरचे टाका.

दुसरी कल्पना मारबतीची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या नागपुरी पुतळ्याची. हिचा मोह सोडवणं अवघड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीपेक्षा मोठं दृश्य नागपूरकराला दुसरं नाही. तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे पुतळ्यांच्या, गळ्यात दरवर्षी त्या-त्या वेळच्या पीडांच्या पाट्या असतात, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी पाठ नसलेला माणूस शोधावा लागेल. डासाचा बडग्या करा, फोटो वर्तमानपत्रात येईल, यात शंका नाही. पण मारबतीचा अर्थ पाहा: पीडा तिच्या अंगावर टाकायची, ती गावाबाहेर नेऊन जाळायची, घरी येऊन मोकळं व्हायचं. आपल्याला नेमकं उलटं हवंय. आणि मारबत निघते ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर जूनमध्ये टाकीत राहिलेल्या पाण्यातून डासांच्या कित्येक पिढ्या उडालेल्या असतात. ज्यांना बडग्या करायचा त्यांनी जरूर करावा. स्टिकरचं काम त्याच्यावर सोपवू नये.

काय मोजायचं

स्टिकर किती लावले हा आकडा निरुपयोगी आहे. मोजायची ती टाकी. जूनचा स्टिकर लावण्याआधी मेच्या शेवटी एक फेरी, जूनच्या अखेरीस दुसरी, जुलैच्या मध्यावर तिसरी. प्रत्येक घरात तीनच नोंदी: टाकीत पाणी आहे का, रेघ घासलेली आहे का, टॉर्चच्या उजेडात अळी दिसते का. अळी सापडलेल्या सगळ्या भांड्यांची संख्या दर १०० घरांमागे काढली की तो ब्रेटो निर्देशांक होतो; इथं तो फक्त कूलरपुरता. आरोग्य विभागाची माणसंही याच भाषेत बोलतात, त्यामुळे त्यांच्या नोंदीतल्या कूलरच्या आकड्याशी ताडून पाहता येतं. शक्य असेल तर दोन गल्ल्यांना स्टिकर महिनाभर उशिरा द्यावेत. पाऊस उशिरा आला म्हणून टाक्या कोरड्या राहिल्या की स्टिकरमुळे, हे तुलनेशिवाय सांगता येत नाही. अळ्या दिसल्याच तर त्या गल्ल्यांना थांबवून ठेवायचं नाही, पाणी तिथल्या तिथं ओतायचं.

दोन गोष्टी या स्टिकरनं सुटत नाहीत. कूलर घरमालकाचा आणि राहणारा भाडेकरू असला, तर बूच दुरुस्त कुणी करायचं यावर काम अडतं. त्याला चित्राचा उपयोग नाही, मालकाला फोन लागतो. आणि रिकाम्या कूलरवर टाकायचं झाकण. जुना फ्लेक्स किंवा ताडपत्री सैल टाकली की झोळ पडणारच. त्यासाठी चौथ्या चित्रात वाळत ठेवलेल्या कूलरच्या डोक्यावर एक उतरता पत्रा काढला आहे, एका बाजूला वीट लावून उचललेला. चाचणीत तो काहींना छपरासारखा वाटला. पुढच्या छपाईआधी ती वीट मोठी करायची आहे.